चादरीआडचे सहा कप

वटारला मिलिंदच्या वाडीत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर नानांचे सहा कप टांगलेले दिसतात. कानांत तांब्याची तार ओवून एका ओळीत, आणि वरून पिवळा दिवा सोडलेला, सोनाराच्या दुकानात सोडतात तसा. मी जवळ जाऊन एका कपात डोकावले. आत तपकिरी कडं बसलं होतं. कडं कसलं, पुराची रेघ होती ती. दुसऱ्यात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. सहाही कपांना तशीच रेघ.

"हे डाग कसले रे?"

"डाग नाहीत ते, ताई. व्हिंटेज लूक आहे," मिलिंद म्हणाला. "कप एकदम पांढरे होते, कालच बाजारातून आणल्यासारखे वाटत होते. म्हणून दोन दिवस त्यांत काळा चहा भरून ठेवला. आता कसे जुने वाटतात की नाही?"

ते जुनेच होते. मिलिंदपेक्षा जुने होते. पण जुनी वस्तू जुनी दिसण्यासाठी तिची हेळसांड झालेली असावी लागते, असा अलीकडे समज आहे. नाना माझे थोरले काका आणि मिलिंदचे वडील. असे कप पांढरे ठेवणं, एवढंच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं.

त्या रविवारी दुपारी मिलिंदच्या चहाघराचं उद्घाटन होतं. वटारची ही वाडी काकूच्या माहेरची. केळी होत्या तिथे आता बांबूच्या टोप्या घातलेले दिवे आहेत, पण विहीर शाबूत आहे आणि विहिरीपाशी दोन चिकूही उभे आहेत. खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांसमोर एक मोठी पाटी, तिच्यावर जांभळ्या सॅटिनचं कापड आणि कापडावर झेंडूची माळ. प्रमुख पाहुणे येतील तेव्हा त्या पाटीचं अनावरण होणार होतं. पाहुणे अर्थातच यायचे होते. प्रमुख पाहुण्याचं मुख्य काम उशीर करणं हे असतं, भाषण त्यानंतर.

पाटीवरचा मजकूर मीच लिहून दिला होता. महिन्यापूर्वी मिलिंदचा फोन आला, "ताई, नानांबद्दल चार ओळी दे. तुझं वाचन आहे." आमच्या घराण्यात 'तुझं वाचन आहे' हे वाक्य दोनच प्रसंगी उच्चारतात. फुकट काम करून घ्यायचं असतं तेव्हा, आणि मुलीचं लग्न जमत नाही तेव्हा. मी दोन्ही प्रसंग पाहिले आहेत. मी लिहून दिलं : 'नाना एकतीस वर्षं मुंबईत फोर्टातल्या चहाच्या कंपनीत होते. चहा चाखणाऱ्या साहेबांसाठी ते चहा तयार करत आणि कप धूत. त्यांच्या हातचा चहा ज्यांनी घेतला ते तो विसरले नाहीत.'

मी सॅटिनचा कोपरा उचलून पाहिला. पाटीवर सोनेरी अक्षरांत होतं : 'मुख्य चहा-परीक्षक'.

"मिलिंद, हे काय आहे?"

"ताई, प्लीज. कप धुणाऱ्याच्या नावाने बोरिवलीहून कोण येणार चहा प्यायला? लोकांना स्टोरी लागते."

"मी दिलेली स्टोरीच आहे."

"ती चालत नाही गं. आणि मी काही मनाने लिहिलेलं नाही. आईला विचार. तिने आयुष्यभर हेच सांगितलंय."

ते खरं होतं. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत काकू बसली होती. शहाऐंशी वर्षांची, कडक इस्त्रीच्या सुती साडीत, पाटीकडे तोंड करून. कापड कधी सरकतं याची वाट पाहत होती. ती पाटी तिने मनात केव्हाच रंगवली होती, मिलिंदने ती फक्त सुताराकडून करून घेतली. आणि दोन शब्द बोलायचे होते ते मला, बरोबर त्या पाटीपुढे उभं राहून.

मी काकूशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

*

आगाशीत आमची दोन घरं एका आवारात होती. आवार आता नाही. त्या जागी काय आहे हे मी सांगणार नाही, त्याला तेवढाही मान द्यायची माझी तयारी नाही. आवारात शेवग्याचं झाड होतं, विहीर होती, आणि विहिरीपासून बाजारात जाणारा रस्ता दहा पावलांवर. मागच्या वाड्यांत केळी आणि पानवेली. उन्हाळ्यात शेजारच्या अंगणात सुकेळी वाळत पडायची, त्यांचा गोड, किंचित आंबूस वास आमच्या उशांपर्यंत यायचा.

रविवारी सकाळी मात्र आवारात दुसराच वास असायचा. ओल्या, गरम पानाचा. पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीत हात घातला तर येतो, त्याच्या जवळचा, पण त्याहून स्वच्छ.

नाना तांब्याच्या भांड्यात विहिरीचं ताजं पाणी तापत ठेवायचे. पाणी एकदाच उकळायचं. भांड्यातलं कालचं, एकदा उकळून गार झालेलं पाणी परत तापवलं तर म्हणायचे, "हे मेलेलं पाणी. अंघोळीला घ्या." पाण्याला पहिली मोठी उकळी फुटली की आधी ते कपांत ओतायचे आणि ओतून टाकायचे. कप गरम झाले पाहिजेत, नाहीतर गार चिनी माती पाण्यातली निम्मी ऊब गिळते. मग लहानसा तराजू निघायचा. एका पारड्यात एक जुनं परदेशी नाणं, त्यावरचं राजाचं तोंड झिजून सपाट झालेलं, आणि दुसऱ्या पारड्यात त्या नाण्याच्या भाराइतकी चहाची पत्ती. फोर्टातल्या ऑफिसात असंच मोजत. चमचा त्यांना मान्य नव्हता. "चमच्याने औषध घ्यावं," ते म्हणायचे. "पत्ती मोठी असली की चमचा हवेनेच भरतो."

कपही साधे नव्हते. ऑफिसातून कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले. जाड, पांढरेशुभ्र, झाकणवाले, आणि कानाच्या समोरच्या कडेला करवतीसारखे पाच दात. पत्तीवर पाणी ओतून झाकण घालायचं. वेळ झाली की झाकणावर अंगठा दाबून कप वाटीत आडवा करायचा. चहा दातांतून गळून वाटीत येतो, पत्ती मागे राहते. पिळायचं नाही, हलवायचं नाही. मग झाकण उलटं करून ओली पत्ती त्यावर काढायची आणि नाक खाली न्यायचं. नाना चहा पिण्याआधी चोथा हुंगायचे. पिणं हा त्यांच्या लेखी नंतरचा, जवळजवळ अनावश्यक भाग होता.

आणि वेळ. ऑफिसात वाळूचं घड्याळ होतं, घरात मी होते. पाणी ओतलं की नाना म्हणायचे, "निघ." मी आवाराच्या फाटकातून देवळाच्या तळ्यापर्यंत जायचं, पाण्याला हात लावायचा आणि परत यायचं. पळायचं नाही. माझा हात ओला आहे की नाही हे ते आधी पाहायचे आणि मगच झाकणाला हात घालायचे. मी मोठी होत गेले, पावलं लांब होत गेली, तसं अंतर वाढलं. तळ्यावरून देवळाच्या पायरीपर्यंत, पायरीवरून बाजारातल्या पानाच्या दुकानापर्यंत. दहावीला होते तेव्हा मला जवळजवळ एसटीच्या थांब्याला जाऊन यावं लागायचं. मुली उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवतात. माझी वाढ नानांच्या चहावर मोजली जात होती.

पत्ती कुठून यायची, तर ऑफिसातून. चाखून झाल्यावर उरलेले नमुने महिनाअखेरीला एका पिंपात एकत्र व्हायचे आणि माणसांना वाटले जायचे. आसामचा, दार्जिलिंगचा, निलगिरीचा, ज्यांना एकमेकांचं तोंड पाहायचं कारण नव्हतं असे सगळे मळे आमच्या डब्यात शेजारी झोपायचे. म्हणून नानांचा चहा कुठल्याच दोन महिन्यांत सारखा लागला नाही. नावही नव्हतं त्याला. आज लोक मळ्याचं नाव, तोडणीचा आठवडा आणि डोंगराची उंची सांगून चहा पाजतात. नाना म्हणाले असते, "बरं. आणि पाणी कुठलं?"

पाण्याचा त्यांना ध्यास होता. ऑफिसात स्वतःच्या कपासाठी ते फिरकीच्या तांब्यातून आगाशीचं पाणी न्यायचे. तिथल्या एका कारकुनाचा बरीच वर्षं असा समज होता की ते गंगाजल आहे. त्याने एकदा आजारी आईसाठी चमचाभर मागूनही नेलं. म्हातारी बरी झाली. नानांनी त्याला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

डबा पितळेचा, कल्हई केलेला, घट्ट झाकणाचा. त्याच्या आसपास हिंग नको, मसाला नको, उदबत्ती तर नकोच. चहा हलक्या कानाच्या माणसासारखा असतो, ते म्हणायचे, शेजारी जे असेल त्याचंच होऊन बसतो. एकदा काकूने पावसाळ्याची बेगमी करताना तो डबा अर्णाळ्याहून आलेल्या सुक्या बोंबलांच्या फडताळात ठेवला. रविवारी नानांनी झाकण उलटं केलं, पत्ती हुंगली, आणि शांतपणे माझ्यापुढे धरली. "आज अर्णाळ्याचा मळा," ते म्हणाले.

काकू स्वतः त्यातला थेंब प्यायली नाही. तिचा चहा वेगळा, दूध, साखर, आलं आणि दारच्या गवती चहाची दोन पाती घालून चांगला रटरटवलेला. मलाही तोच आवडायचा, खरं सांगायचं तर. नानांचा चहा आवडणं हे मोठं झाल्यावर आलं, त्यांच्याशी एकटीने बोलता यायला लागलं त्याच सुमाराला.

नानांकडे चहाला थांबणारी एकच व्यक्ती होती. अर्णाळ्याहून मासळी विकायला येणारी कातरीनबाय. टोपली खाली उतरवून ती विहिरीच्या कठड्याला टेकायची आणि वाटीत पाहून म्हणायची, "नाना, या पान्याला चाय कोन म्हनतो?"

"मी म्हणतो."

"तुमी म्हनाल. तुमच्या घरात दूद नाय काय?"

"तुझ्या टोपलीत बर्फ आहे, म्हणून मासळीला गारीगार म्हणतात का?"

ती हसायची आणि प्यायची, दर वेळी वाटी निथळेपर्यंत. काकू तिच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप बाहेर आणून ठेवायची. त्या वेळी बऱ्याच घरांत असा एक कप असायचा आणि तो कुणासाठी हे कुणी बोलत नसे. नाना तो उचलून शेवग्याच्या बुंध्याशी ठेवायचे आणि आपल्या वाट्यांतली एक पुढे करायचे. त्या कान तुटक्या कपात पुढे काकूनेच ओवा लावला.

*

यानंतर कप धुणं, आणि खरं नाटक इथे सुरू व्हायचं.

नाना स्वतःचे कप कुणाला धुवू द्यायचे नाहीत. विहिरीपाशी पाट टाकून बसायचे. चहा संपल्यावर लगेच, दोन मिनिटंही न थांबता. डाग बसू दिला नाही की तो घासावा लागत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. कढत पाणी, साबण नाही, राख तर नाहीच. कधी रेघ उमटलीच तर लिंबाच्या सालीवर चिमूटभर मीठ घेऊन बोटाने फिरवायची. मग धोतराच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या तुकड्याने टिपायचं, पुसायचं नाही. शेवटी रोवळीत उपडे. झाकणं त्याच क्रमाने शेजारी, कारण प्रत्येक झाकण आपापल्या कपालाच बसायचं, दुसऱ्यावर ठेवलं की खडखडायचं. साहेबाला रंग दिसला पाहिजे, ते सांगायचे. कपालाच रंग असला तर चहाचा रंग कोणी ओळखायचा?

विहीर रस्त्याला लागून होती. बाजाराला, देवळात जाणारी माणसं थबकायची.

"काय नाना, भांड्याला बसवलं वाटतं वहिनींनी?"

"नाही. मी बसलो. तुम्हीही या, पाट आहे."

काकू आत धुमसायची. पुरुषमाणूस, पांढऱ्या धोतराचा, मुंबईला नोकरी करणारा, चारचौघांत खरकटी भांडी धुतो. एका रविवारी तिने शेवग्यापासून भिंतीच्या खिळ्यापर्यंत तार बांधली आणि नाना कप घेऊन बसताच तारेवर हिरव्या किनारीची चादर टाकली. वाळत घातल्यासारखी. चादर कोरडीच होती. रस्त्यावरून आता फक्त चादर दिसायची आणि तिच्यामागून चिनी मातीचा आवाज.

नाना उठले, पाट उचलला आणि चादरीच्या रस्त्याकडच्या बाजूला जाऊन बसले.

पुढच्या रविवारी चादर पुढे आली. नाना तिच्याही पुढे. मग तार लांबली, फाटकाच्या खांबापर्यंत गेली. असं करत करत ते एक दिवस जवळजवळ रस्त्यातच बसणार असं वाटलं. तेव्हा काकू म्हणाली, "लोक बघतात हो."

"बघू देत. ऑफिसात तर साहेब लोक बघतात. त्याचाच पगार आणतो मी तुझ्या हातात."

काकूने तार मात्र सोडली नाही. मग कुणी काही न बोलता तह झाला. नाना विहिरीपाशी परत आले, आणि चादर दर रविवारी टांगली जायची. रस्त्याने जाणाऱ्यांना ती दिसायची, आणि काय झाकलंय हे साऱ्या आगाशीला ठाऊक असायचं.

तिचं दुःख मला तेव्हा कळलं नाही. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "तुमचे मिस्टर कंपनीत काय असतात?" काकू पदर सारखा करून सांगायची, "चहा पास-नापास करतात. यांनी मान हलवल्याशिवाय चहा बाजारात येत नाही." बायका माना हलवायच्या. मी असेन तेव्हा आठ-नऊ वर्षांची. अशाच एका संक्रांतीला, वाण वाटलं जात असताना, मी स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाही. नाना कप धुतात."

खोलीत तिळगुळाच्या कागदांची चुरचुर तेवढी राहिली. एका बाईने हसू दाबलं. काकूने माझ्या हातात वाण ठेवलं आणि पुढच्या बाईकडे वळली.

ती माझ्याशी होळीपर्यंत बोलली नाही. जेवायला वाढायची, वेणी घालायची, पण शब्द नाही. तिच्या बोटांत राग नव्हता, म्हणून ते जास्त लागायचं. नानांना कुणी सांगितलं असेल. पुढच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली, माझ्यासमोर एक भरलेला कप आडवा केला, आणि तराजूतलं ते झिजलेलं नाणं माझ्या मुठीत ठेवलं. "चहाला लागेल तेव्हा आणून द्यायचं," म्हणाले. शाबासकी नाही, समजूत नाही. त्यानंतर दर रविवारी मी नाणं घेऊन गेल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नसे.

ऑफिस कधी बंद झालं, नाना कधी गेले, या गोष्टी घडल्या. त्या मी कुणाला सांगत बसत नाही. नाणं माझ्या पर्समध्ये आहे. लोक देवाचा फोटो बाळगतात तसं नाही. वजन म्हणून.

*

पाऊण तास झाला, पाहुणे नव्हते. ते निघाले आहेत असा तिसरा फोन आला. त्याचा अर्थ ते अजून घरातून निघालेले नाहीत, असा असतो. मिलिंदने सगळ्यांना काचेच्या किटल्यांतून चहा दिला. आत जास्वंद फुललेली, खाली मेणबत्ती. पत्ती त्यात पहिल्यापासून पडून होती आणि चहा तुरट होऊन शाईच्या रंगावर आला होता. लोक त्याचे फोटो काढत होते. फोटोत तो छानच दिसत होता.

काकूने एक घोट घेतला आणि पेला खुर्चीखाली ठेवला.

"बाय," ती मला म्हणाली, "तू बोलणार आहेस ना?"

"मिलिंद म्हणतोय."

"काय बोलणार?"

मी तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वीची ती खोली आम्हा दोघींच्या मध्ये येऊन बसली. खोटं सांगायचा मला कंटाळा आहे, शिवाय ते लक्षात ठेवावं लागतं.

"जे तेव्हा बोलले तेच," मी म्हणाले. "तुला नको असेल तर मी बोलत नाही. पण ते सोनेरी अक्षरांतलं मी वाचणार नाही."

काकूने तोंड फिरवलं. मला वाटलं, आता होळीपर्यंत. तिने भिंतीकडे पाहिलं.

"कपांना काय झालंय ते?"

"मिलिंदने डाग पाडलेत. जुने दिसायला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन सरळ झाली. "काढ ते खाली."

मी काढले. मिलिंद धावत आला. "ताई, पाहुणे येतील आता. डिस्प्ले आहे तो." काकू त्याला म्हणाली, "लिंबू आण. आणि मीठ." त्याने आणलं. बावन्न वर्षांचा आहे, पण आईच्या त्या सुराला तो अजून सात वर्षांचाच असतो.

विहिरीच्या नळावर मी एकेक कप घेतला. सालीवर मीठ, बोट गोल गोल. दोन दिवसांचा खोटा म्हातारपणा दोन मिनिटांत उतरला. पांढरं बाहेर आलं. झाकणं फळीवर कशीही लावली होती, ती खडखडवून खडखडवून ज्याची त्याला जुळवली. नानांचा तराजूही तिथेच वाट्यांशेजारी मांडला होता, त्याच्या पारड्यांत प्लास्टिकची फुलं होती, ती काढली. सगळ्या पुड्यांतली उरलेली पत्ती एकत्र केलेला माझा डबा मी घरून आणला होता, कारण समारंभातला चहा वाईटच असतो हा माझा अनुभव आहे. मिलिंद आतून पाण्याचा मोठा प्लास्टिकचा जार आणायला निघाला. मी म्हटलं, "विहीर आहे ना?" तो म्हणाला, "ते पाणी झाडांना देतो." मी म्हटलं, "आज आम्हालाही दे."

पाणी उकळलं, कप गरम झाले. पर्समधून नाणं काढून पारड्यात टाकलं तेव्हा पहिल्या दोन रांगा वळून बघू लागल्या. सहा वेळा मोजलं, सहा कपांवर पाणी ओतलं, झाकणं घातली.

"निघ," काकू म्हणाली.

तिला ते ठाऊक होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी वाडीच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. आता माझे गुडघे वाजतात, फाटकाचं अंतर बरोबर पडलं. नळाखाली हात ओला करून तिला दाखवला. मग अंगठा झाकणावर, कप वाटीत आडवा. चहा दातांतून उतरला, चिकूच्या सालीच्या रंगाचा, तळ दिसेल इतका स्वच्छ.

पहिली वाटी काकूला दिली. तिने ती नाकाशी नेली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"पाणीच आहे," ती म्हणाली. आणि सगळी वाटी प्यायली.

बाकीच्या पाच वाट्या खुर्च्यांतून फिरल्या. कुणी दूध मागितलं नाही. एक बोरिवलीचे गृहस्थ म्हणाले, "हा कोणता मळा?" मी म्हणाले, "शिल्लक."

वाट्या रिकाम्या होताच मी पाट शोधला. पाट नव्हता, बादली उपडी घालून बसले. मिलिंद कुजबुजला, "ताई, आत मशीन आहे. इथे सगळ्यांसमोर नको. आणि निदान आडोसा तरी..." त्याने पाटीशेजारचा केळीच्या पानांचा सजावटीचा पडदा ओढायला हात घातला.

"मिलिंद," काकू म्हणाली. "हात काढ."

ती उठली. कुणी काठी पुढे केली ती तिने घेतली नाही. पाटीपाशी गेली, झेंडूची माळ बाजूला केली आणि जांभळं सॅटिन ओढून काढलं. सोनेरी अक्षरं उन्हात चमकली. तिने ती मनात वाचली, ओठ हलवत, शेवटच्या अक्षरापर्यंत. मिलिंद म्हणाला, "आई, पाहुणे यायचेत अजून." ती सॅटिन घेऊन माझ्याकडे आली, मी धुतलेला कप उचलला आणि त्याने टिपू लागली. पाणी नुसतं इकडून तिकडे सरकलं.

"हे पाणी टिपत नाही," ती म्हणाली. "दिसायलाच आहे." सॅटिन तिने विहिरीच्या कठड्यावर टाकलं आणि आपल्या सुती पदराने कप टिपला. इस्त्री मोडली. पुसला नाही, टिपला.

पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आजी, आजोबा टेस्टर होते ना हो?"

काकूने कप उन्हात धरून आत पाहिलं. मी नळ बंद केला.

"नाही," ती म्हणाली. "आमचे हे कप धुवायचे. एकतीस वर्षं. मी चादर लावायचे."

कुणी हसलं नाही. तिने माझ्याकडे हात पसरला. "दे पुढचा. आणि झाकण त्याचंच दे."

तिसऱ्या कपावर असताना फाटकाशी गाडी थांबली. पांढरे कपडे, मागे हार घेतलेली दोन माणसं. मिलिंद हात जोडून पुढे धावला. पाहुण्यांनी उघड्या पाटीकडे पाहिलं, मग विहिरीपाशी भांडी धुणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे.

"कार्यक्रम सुरू झाला का?" त्यांनी विचारलं.

विहिरीपाशी मागवून घेतलेल्या खुर्चीत काकू बसली होती. खुर्ची तिने स्वतः फिरवून घेतली होती, रस्त्याकडे तोंड करून.

"होत आलाय," ती म्हणाली. "बसा. तीन कप धुवायचे राहिलेत."